चुनीची वाट

लातूरच्या बाजारात तुरीची आवक सुरू झाली की अण्णांचा दिवस पहाटे पाचला उजाडत असे. स्नान, मंदिरात दर्शन, मग डाळ मिलवर एक फेरी. सौद्याच्या वेळी बाजारात, दुपारी पुन्हा गादीवर आणि सूर्यास्तापूर्वी घरी जेवण. सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेण्याचा त्यांचा नियम तीस वर्षांचा होता आणि मिलचा क्रम बेचाळीस वर्षांचा. दोन्हींत खंड पडल्याचे घरात कोणाला आठवत नव्हते.

गेल्या माघात त्यांची पाठ दुखू लागली. सदुसष्टाव्या वर्षी, सगळे आयुष्य पोत्यांच्या थप्प्यांत काढलेल्या माणसाची पाठ दुखावी यात कोणाला नवल वाटले नाही. तेल लावून झाले, शेक घेऊन झाला, कमरेला पट्टाही बांधून झाला. पुढे जिना चढताना धाप लागू लागली, लघवीला फेस येऊ लागला आणि एके दिवशी गादीवर बसल्या बसल्या त्यांना ग्लानी आली. तेव्हा मुलाने रक्ताची तपासणी करून घेतली. हिमोग्लोबिन ८.६ निघाले, क्रिएटिनिन वाढलेले होते आणि क्ष-किरणाच्या चित्रात पाठीचा एक मणका दबलेला दिसला. तपासणीवर तपासणी होत अखेर हाडांतील मगजाचा नमुना घेतला गेला आणि रोगाला नाव मिळाले : मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग.

डॉक्टरांनी उपचार सुचवले. दर आठवड्याला पोटाच्या त्वचेखाली एक इंजेक्शन, सोबत काही गोळ्या. रोग मुळापासून जाईल असे सांगता येत नाही. पण तो आटोक्यात आणता येतो आणि पुष्कळदा काही वर्षे आटोक्यात ठेवता येतो, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. अण्णांनी सर्व ऐकून घेतले आणि संमतिपत्र घडी घालून खिशात ठेवले. सही केली नाही.

घरी चिंता पसरली. मुलगा समजावू लागला, सून रडू लागली. अण्णांचे म्हणणे एवढेच होते : “जो माल मी पारखला नाही, त्याच्या सौद्यावर मी आजवर सही केलेली नाही. औषध काय करते ते मला कळले पाहिजे. कळल्यावर नको म्हणेन किंवा हो म्हणेन.”

हे काम नातीकडे आले. ती पुण्यात जीवरसायनशास्त्राच्या एम. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. शनिवारी रात्रीच्या गाडीने ती लातूरला आली आणि रविवारी सकाळी आजोबांबरोबर मिलवर गेली. अण्णांना पायऱ्या चढवत नव्हत्या म्हणून दोघे गादीवरच बसले. समोर मिल सुरू होती.

तिने सुरुवात स्वयंपाकघरापासून केली. अननस जास्त खाल्ला की जीभ का चुरचुरते? अननसाच्या रसात प्रथिने कापणारे एक एन्झाइम असते आणि ते जिभेवरच्या प्रथिनांनाही सोडत नाही. बाजारातले चीज घेण्यापूर्वी घरातल्या बायका पाकिटावर रेनेट शोधतात, कारण जुन्या पद्धतीत ते वासराच्या जठरातून काढत. ते रेनेट म्हणजेही प्रथिने कापणारे एन्झाइमच. दुधातल्या केसीन या प्रथिनाचा ठरावीक तुकडा ते कापते आणि दूध बांधले जाते. हेच काम करणारे एन्झाइम आज सूक्ष्मजीवांपासूनही मिळते, म्हणून तर शाकाहारी चीज शक्य झाले. कपडे धुण्याच्या पावडरीत अन्नाचे आणि घामाचे डाग काढायला घालतात तेही याच कुळातले. आणि साठीनंतर पुरुषांच्या रक्तात पीएसए तपासतात, अण्णांचेही दोनदा तपासून झाले होते, ते पीएसए म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे प्रथिने कापणारे एन्झाइम होय. ग्रंथीत काही बिघाड झाला की ते रक्तात अधिक प्रमाणात उतरते, म्हणून त्याचा माग काढतात.

“म्हणजे शरीरात कात्र्याच कात्र्या आहेत,” अण्णा म्हणाले.

“शेकडो आहेत, आजोबा. आणि बहुतेक कात्र्यांवर म्यान चढवलेले असते.”

जेवण पचवणारे ट्रिप्सिन स्वादुपिंडात तयार होते ते निष्क्रिय रूपात. आतड्यात पोहोचल्यावरच त्याला धार येते. नाहीतर त्याने स्वादुपिंडच पचवून टाकले असते. फुप्फुसात जंतूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी इलास्टेज नावाचे एन्झाइम सोडतात. त्याने फुप्फुसाचा लवचिक धागा तुटू नये म्हणून यकृत एक अवरोधक प्रथिन तयार करून रक्तात सोडत असते. ज्यांच्यात जन्मतः हे अवरोधक कमी असते त्यांची फुप्फुसे तारुण्यातच निकामी होऊ लागतात आणि धूम्रपान करणाऱ्यांत ती हानी फार लवकर होते. निरोगी शरीरात कापणारा आणि कापणाऱ्याला रोखणारा, दोघेही अखंड कामावर असतात. कर्करोगात हा मेळ बिघडतो.

अण्णांच्या पाठीतही तेच घडले होते. हाड म्हणजे केवळ चुना नव्हे. कोलॅजेन या प्रथिनाच्या जाळीत क्षार बसवलेले असतात. जुने हाड मोडून नवे घडवण्याचे काम आयुष्यभर चालू असते. मोडणाऱ्या पेशी आधी आम्ल सोडून क्षार विरघळवतात आणि मग कॅथेप्सिन के नावाच्या एन्झाइमने कोलॅजेन कापतात. मायलोमाच्या पेशी या मोडणाऱ्यांना चिथावतात आणि घडवणाऱ्यांना दडपतात. मणका दबला होता तो पोत्यांच्या ओझ्याने नव्हे. तो आतून पोखरला गेला होता.

अण्णांनी नकळत पाठीवरून हात फिरवला. मग विचारले, “आणि हे इंजेक्शन काय करते?”

नातीने समोर बोट दाखवले. रोलरवर तुरीची साल निघत होती, चाळण्यांवर डाळ वेगळी होत होती आणि बारीक तुकडे व टरफले, म्हणजे चुनी आणि भुसा, खालच्या नळीतून मागच्या बाजूला पडत होती. हमाल ती पोत्यात भरत होता. संध्याकाळपर्यंत पशुखाद्यवाले ती घेऊन जाणार होते.

“आजोबा, ती चुनीची वाट बंद केली तर मिल किती वेळ चालेल?”

अण्णांना असा प्रश्न बेचाळीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. पण उत्तर तयार होते. “हंगाम ऐन भरात असेल तर दोन तासही नाही. चाळण्या तुंबतील, पट्टा घसरेल, मोटार जळेल. मंदीचे दिवस असले, दिवसाला पाच-पन्नास पोती निघत असली, तर कदाचित दोन दिवस कोणाच्या लक्षातही येणार नाही.”

“इंजेक्शन हेच करते,” ती म्हणाली.

मग तिने सविस्तर सांगितले. प्रत्येक पेशीत प्रथिने घडतात तशी मोडतातही. जे प्रथिन चुकीचे घडले, जुने झाले किंवा ज्याचे काम संपले, त्याला युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनांच्या साखळीची चिठ्ठी चिकटवली जाते. बाजारात नापास मालाच्या पोत्यावर खूण करतात तशी. चिठ्ठी लागलेले प्रथिन मग प्रोटिआसोममध्ये ओढले जाते. प्रोटिआसोम म्हणजे एकावर एक रचलेल्या चार कड्यांचे पिंप, प्रत्येक कड्यात सात घटक. कापणारी पाती पिंपाच्या आतल्या अंगाला असतात, त्यामुळे वाटेवरच्या चांगल्या प्रथिनाला इजा होत नाही. आत गेलेल्याचे बारीक तुकडे होतात आणि पुढे त्यांची अमिनो आम्ले होऊन पुन्हा नव्या प्रथिनांच्या कामी येतात. वाया काही जात नाही. या चिठ्ठीच्या शोधासाठी आरोन चिखानोव्हर, अव्राम हर्श्को आणि आयर्विन रोझ यांना २००४ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्लाझ्मा पेशीचा धंदा मोठा असतो. जंतूंशी लढणारी प्रतिपिंडे घडवणे हे तिचे काम, आणि प्रतिपिंडे म्हणजे प्रथिनेच. कर्करोग झालेली प्लाझ्मा पेशी तर रात्रंदिवस एकच निरुपयोगी प्रतिपिंड प्रचंड प्रमाणात घडवत राहते. त्याचे सुटे तुकडे मूत्रपिंडाच्या नळ्यांत अडकतात. अण्णांचे क्रिएटिनिन वाढले ते त्यामुळे. इतका माल निघतो तेव्हा नापास मालही तितकाच निघतो, आणि तो उपसण्याची सारी मदार प्रोटिआसोमवर असते. बॉर्टेझोमिब हे औषध नेमके प्रोटिआसोमच्या पात्याला जाऊन चिकटते. त्या औषधाच्या रेणूत बोरॉनचा एक अणू आहे आणि पकड त्याचीच असते. कॅरमच्या पटावर भुरभुरतात ती बोरिक पावडर बोरॉनच्याच संयुगाची, हे ऐकून अण्णा जरासे हसले. चुनीची वाट बंद झाली की शरीरातल्या इतर पेशींनाही थोडाफार त्रास होतो. पण त्यांचा हंगाम मंदीचा असतो, त्या तग धरतात. पकड काही काळाने सुटते आणि त्या सावरतात. मायलोमाची पेशी मात्र आपल्याच मालाखाली गुदमरते.

अण्णा बराच वेळ चाळण्यांकडे पाहत राहिले. “हे कोणाला सुचले?”

ज्याला सुचले तो निघाला होता दुसऱ्याच कामाला. हार्वर्डचे आल्फ्रेड गोल्डबर्ग आयुष्यभर स्नायूंतील प्रथिने कशी मोडतात याचा अभ्यास करत होते. दीर्घ आजारात रुग्णाचे स्नायू झडतात. प्रोटिआसोम रोखला तर ही झीज थांबवता येईल, या आशेने त्यांनी १९९३ मध्ये एक छोटी कंपनी उभारली. ज्युलियन अ‍ॅडम्स या रसायनतज्ज्ञाच्या चमूने तिथे बोरॉन असलेला रेणू तयार केला. मग ध्यानात आले की प्रयोगशाळेतील कर्करोगाच्या पेशी या रेणूने मरतात. माणसांवरच्या पहिल्या टप्प्यातील चाचणीतच मायलोमाच्या एका रुग्णाचा रोग तपासण्यांत दिसेनासा झाला. मे २००३ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. आता आपल्या देशातील कंपन्याही ते बनवतात.

सोमवारी अण्णांनी सही केली. त्याआधी डॉक्टरांना त्यांनी दोन गोष्टी विचारल्या. पहिली, गोळ्यांत जिलेटिनची कॅप्सूल आहे का. डॉक्टर म्हणाले की मायलोमात दिले जाणारे एक औषध कॅप्सूलमध्ये येते खरे. पण मूत्रपिंडाची सध्याची अवस्था पाहता आपण त्याऐवजी साध्या गोळ्यांपासून सुरुवात करू. पुढे कॅप्सूलची गरज पडलीच तर तेव्हा मोकळेपणाने बोलू. दुसरी गोष्ट पाण्याची. मूत्रपिंडे वाचवायची तर दिवसाला तीन लिटर पाणी पोटात गेले पाहिजे, असे डॉक्टरांनी बजावले होते. अण्णांनी विचारले, तीनही लिटर सूर्यास्तापूर्वी प्यायलो तर चालेल का? डॉक्टरांनी क्षणभर विचार करून सांगितले की एकदम न पिता दिवसभर विभागून प्या, दर आठवड्याला क्रिएटिनिन पाहू. आकडा वर गेला तर मात्र मी नियमाचे ऐकणार नाही. अण्णांनी ते मान्य केले. त्या दिवसापासून रोजमेळाच्या वहीत मागच्या पानावर एक नवा रकाना सुरू झाला. उकळून गाळलेल्या पाण्याचा पेला भरला की रेघ, पाच रेघांची एक गाठ. एकही संध्याकाळ हिशेब अपुरा राहिला नाही.

उपचार सुरू झाले. तिसऱ्या आठवड्यात पाठीचे दुखणे उतरले. त्यानंतर तळपायांना मुंग्या येऊ लागल्या, जणू अनवाणी पायांनी तुरीच्या राशीवर उभे आहोत. हा या औषधाचा ओळखीचा दोष आहे. नसांच्या टोकांना त्याचा त्रास होतो. पूर्वी ते शिरेतून देत, तेव्हा हा त्रास अधिक होई. त्वचेखाली दिले तर गुण तितकाच येतो आणि नसांची हानी कमी होते, हे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. अण्णांनी मुंग्यांची गोष्ट लगेच सांगितली म्हणून डॉक्टरांना मात्रा वेळेत कमी करता आली. नागीण उठू नये म्हणून एक वेगळी गोळीही सुरू होती, तीही त्यांनी कधी चुकवली नाही.

एवढ्या शिस्तीच्या माणसाकडून एक चूक झाली, आणि ती आपुलकीतून झाली. सोलापूरचे व्याही भेटायला आले ते हिरव्या चहाच्या अर्काच्या दोन बाटल्या आणि क जीवनसत्त्वाच्या चघळायच्या गोळ्या घेऊन. शक्ती येते, कर्करोगावर फार चांगले, असे त्यांना कोणी सांगितले होते. अण्णांनी मान राखला. रोज सकाळी कोमट पाण्यात अर्क घेऊ लागले. वनस्पतीचाच तर आहे, त्यात डॉक्टरांना काय विचारायचे, असे त्यांना वाटले. दिवाळीच्या सुट्टीत नात आली तेव्हा फडताळात बाटली पाहून ती थबकली.

हिरव्या चहातील एक मुख्य घटक बोरॉनला थेट पकडतो. २००९ साली लॉस एंजेलिसमधील संशोधकांनी दाखवले की पेशींवरच्या आणि उंदरांवरच्या प्रयोगांत हा घटक बॉर्टेझोमिबचा प्रभाव पुसून टाकतो. औषध पात्याला चिकटायच्या आधीच चहातला रेणू त्याला चिकटतो. वाटेतच अडवून घेतो. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेनेही असेच घडत असल्याचे त्याच सुमारास प्रयोगांत दिसले. एखाद्या कपाने माणसात किती फरक पडतो यावर तज्ज्ञांची मते वेगवेगळी आहेत. पण दाट अर्क आणि मोठ्या गोळ्या या उपचारात टाळाव्यात, असेच डॉक्टर सांगतात. जे रसायन एरवी गुणकारी म्हणून विकले जाते, तेच इथे रोगाच्या बाजूने उभे राहू शकते.

अण्णा त्या संध्याकाळी फार बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांपुढे बाटल्या ठेवून त्यांनी स्वतः सर्व सांगितले. गेल्या महिन्यात रक्तातल्या रोगाच्या प्रथिनाचा आकडा अपेक्षेइतका उतरला नव्हता. त्याचे कारण हाच अर्क असेल असे डॉक्टर म्हणाले नाहीत, नसेल असेही म्हणाले नाहीत. रागावलेही नाहीत. एवढेच म्हणाले, “औषध, अर्क, काढा, चूर्ण, जे काही तोंडात जाईल ते तुमच्या वहीत आणि माझ्या कागदावर दोन्हीकडे नोंदले गेले पाहिजे.” जमेची बाजू दिसते आणि नावेची दडलेली असते, अशा वहीचा हिशेब जुळत नाही, हे अण्णांना वेगळे सांगावे लागले नाही. व्याह्यांना त्यांनी स्वतः फोन केला आणि त्यांच्या मनाला लागू नये अशा शब्दांत सगळे कळवले. व्याही थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले की आमच्याकडेही एकजण कर्करोगाचे औषध घेत आहेत, त्यांनाही या बाटल्या मीच दिल्या आहेत, आजच सांगतो.

अण्णांच्या मनात मात्र वेगळाच प्रश्न घोळत होता. एक पाते रोखून इतका गुण येतो, तर कर्करोगाच्या सगळ्याच कात्र्या का रोखत नाहीत?

नातीने सांगितले की तो प्रयत्न होऊन गेला आहे, आणि त्याची गोष्ट सुखाची नाही. १९६२ मध्ये जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर यांनी बेडकाच्या पिलाची शेपटी मोठेपणी कशी विरघळते याचा शोध घेताना कोलॅजेन कापणारे एन्झाइम शोधले. पुढे या कुळातील वीसहून अधिक एन्झाइमे माणसातही सापडली. त्यांच्या गाभ्यात जस्ताचा अणू असतो. कर्करोगाची गाठ या कात्र्यांनी भोवतालची ऊतींची जाळी कापते, वाट काढते, रक्तवाहिन्या ओढून घेते आणि दूरवर पसरते, असे दिसून आले. शरीराकडे या कात्र्यांचे स्वतःचे अवरोधकही आहेत. मग औषध म्हणून अवरोधक बनवायचा विचार सहजच आला. मारिमास्टॅटसारखी औषधे आली आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्वादुपिंड, जठर, फुप्फुस अशा कर्करोगांच्या हजारो रुग्णांवर ती तपासली गेली. आशा फार मोठी होती.

एकामागून एक चाचण्या अपयशी ठरल्या. आयुष्य लांबले नाही. रुग्णांचे खांदे आणि बोटे आखडली, सांधे दुखू लागले. फुप्फुसाच्या एका कर्करोगात तर याच कुळातील दुसरे औषध घेणाऱ्यांची स्थिती नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा वाईट झाली आणि ती चाचणी थांबवावी लागली. कारणे हळूहळू उमगली. औषध दिले गेले ते रोग सगळीकडे पसरल्यावर. वाट काढणाऱ्याला अडवण्याची वेळ तेव्हा निघून गेली होती. शिवाय सगळ्या कात्र्या शत्रूच्या नव्हत्या. काही जखम भरून काढतात, काही सांध्यांची निगा राखतात. उंदरांत त्यांपैकी एक एन्झाइम काढून टाकल्यावर त्वचेच्या गाठी उलट वाढल्याचे पुढे आढळले. ओळख न पटवता सर्वांनाच बांधून घातले, त्यात राखणदारही बांधले गेले.

अण्णांनी यावर काही म्हटले नाही. पण महिन्याभराने या बोलण्याचा उपयोग अनपेक्षित ठिकाणी झाला.

पुतण्याने एक किलोच्या पाकिटांत डाळ विकायची योजना आखली होती. पाकिटाचा नमुना घेऊन तो आला. वर ठसठशीत अक्षरांत छापले होते : ‘कर्करोगापासून नैसर्गिक संरक्षण’. त्याने कुठेतरी वाचले होते की कडधान्यांत प्रथिने कापणाऱ्या एन्झाइमांचे अवरोधक असतात आणि त्यांनी कर्करोग रोखला जातो. “अण्णा, खोटे काहीच नाही. शास्त्रात आहे. आणि आपल्या घरात जे घडले ते सांगितले तर लोकांचा विश्वास बसेल.”

अण्णांनी नातीला फोन लावला आणि पुतण्यालाही ऐकायला बसवले.

शास्त्रात होते, हे खरेच होते. कच्चे सोयाबीन खाऊन उंदीर वाढत नाहीत, शिजवले की वाढतात, हे १९१७ सालीच ऑस्बॉर्न आणि मेंडेल यांनी दाखवले होते. पुढे कळले की कच्च्या दाण्यात ट्रिप्सिनला रोखणारी प्रथिने असतात. किडीने दाणा खाल्ला तर तो पचू नये, ही वनस्पतीची युक्ती. तूर, हरभरा, मूग सगळ्यांत ती कमी-अधिक असतात. भिजवून, शिजवून ती बरीच निष्प्रभ होतात, म्हणून तर आपण डाळ शिजवून खातो. यांतील बोमन-बर्क नावाच्या अवरोधकाने प्रयोगशाळेत प्राण्यांतील कर्करोग रोखला जातो असेही दिसले. त्यावर आशा ठेवून अमेरिकेत तोंडात पांढरे चट्टे असलेल्या रुग्णांवर सोयाबीनच्या या अर्काची पद्धतशीर चाचणी झाली. हे चट्टे कर्करोगाच्या वाटेवरचे असू शकतात; आपल्याकडे तंबाखू आणि गुटख्याने ते घरोघरी दिसतात. निकाल २०१३ मध्ये आला. अर्क घेणाऱ्यांचे चट्टे सुधारले. पण नुसतेच नकली औषध घेणाऱ्यांचेही जवळजवळ तितकेच सुधारले.

फोन ठेवल्यावर पुतण्या म्हणाला, “पण अण्णा, डाळ चांगली असते एवढे तर खरे ना?”

“चांगली असते. म्हणून तर तीन पिढ्या विकतो.” अण्णांनी नमुना उलटसुलट करून पाहिला. “पण हे वाचून एखादा माणूस इंजेक्शन सोडून वरण खात बसला, तर त्या व्यवहाराची नोंद कोणाच्या नावे करायची?”

पुतण्याकडे उत्तर नव्हते. छपाईचे आगाऊ पैसे देऊन झाले होते, ही त्याची अडचण खरी होती. अण्णांनी ती रक्कम स्वतःच्या खात्यावर घातली आणि नमुना रद्द केला. नव्या पाकिटावर तुरीची डाळ, वजन, किंमत, तारीख आणि मिलचा पत्ता एवढेच छापले गेले.

या माघात अण्णांच्या रक्तातील रोगाचे प्रथिन तपासणीत दिसण्याइतकेही उरलेले नाही. क्रिएटिनिन उतरले आहे, मात्र पूर्ववत झालेले नाही. मणका दबला तो दबलाच. उंची पाऊण इंच कमी झाली, हे सदरा लांब होऊ लागल्यावर सर्वांच्या लक्षात आले. तळपायांच्या मुंग्याही पूर्ण गेलेल्या नाहीत, म्हणून मिलमध्ये ते कापडी बूट घालून फिरतात. रोग परतू शकतो हे त्यांना माहीत आहे. त्या वेळी त्याच कुळातील नवी औषधे उपलब्ध आहेत, त्यांतील एक कॅप्सूलमध्ये येते, हेही माहीत आहे. तो निर्णय त्यांनी अजून घेतलेला नाही. घरातही कोणी घाई करत नाही.

परवा ऐन हंगामात दुपारी चाळणीचा आवाज बदलला. गादीवर बसलेल्या अण्णांच्या कानांनी तो आधी टिपला. चुनीच्या नळीत गोणपाटाचा तुकडा अडकला होता. त्यांनी मोटार बंद करायला लावली, हमालाने नळी मोकळी केली आणि मिल पुन्हा सुरू झाली. अण्णा परत येऊन बसले, शेजारच्या तांब्यातून पेला भरून घेतला, सावकाश संपवला आणि वहीच्या मागच्या पानावर एक रेघ ओढली. सूर्यास्ताला अजून अडीच तास होते आणि चार पेले बाकी होते.